सतरा दिवस आणि साडेआठ तास

जळगावहून पाचोऱ्याकडे निघालं की शिरसोली मागे पडते आणि रस्ता मोकळा होतो. मे महिन्यात दोन्ही अंगांना नांगरून तापत ठेवलेली काळी रानं, मधेच विहिरीच्या पाण्यावर तगलेला केळीचा हिरवा पट्टा, पुढे वावडदा, सामनेर, नांद्रा. याच रस्त्यावर रामदेववाडी लागते. ७ मे २०२४ रोजी एक आशा सेविका बॅटरीच्या दुचाकीवरून आपली दोन मुलं आणि भाचा यांना घेऊन इथून जात होती. भरधाव मोटारीने दुचाकी उडवली. चौघांपैकी कुणीच वाचलं नाही.

मोटारीतले तरुणही जखमी झाले आणि पुढे उपचारांसाठी मुंबईच्या रुग्णालयात होते. गाडीत गांजा सापडल्याच्या बातम्या आल्या. जिल्हा तेव्हा निवडणुकीत बुडालेला होता, १३ मे रोजी जळगाव आणि रावेरचं मतदान होतं. पहिल्या अटका झाल्या त्या सतराव्या दिवशी. मधल्या काळात पुण्यात दोन तरुणांचा जीव घेणारी कल्याणीनगरची धडक झाली, देशभर गदारोळ उठला आणि खानदेशातली माणसं विचारू लागली, मग आमच्या चौघांचं काय?

त्या खटल्यात काय सिद्ध होतं ते न्यायालय ठरवेल. मला इथे वेळेबद्दल लिहायचं आहे. नशेत गाडी चालवण्याच्या गुन्ह्यातला मुख्य पुरावा आरोपीच्या रक्तात असतो आणि तो दर तासाला विरत जातो. खुनातला सुरा विहिरीत फेकला तरी महिन्याने गाळ उपसून काढता येतो. रक्तातली दारू यकृत जाळत राहतं: दर १०० मिलिलिटर रक्तामागे ताशी साधारण १५ मिलिग्रॅम. पंचनामा रखडला, साहेब यायचे राहिले, वकिलाचा फोन लागला नाही, तरी ते काम थांबत नाही. म्हणून हा घटनाक्रम तासांनी मांडतो. कल्याणीनगरच्या रात्रीचे तास जाहीर नोंदीत आहेत, त्यामुळे कणा त्या रात्रीचा. बाकीच्या रात्री त्या त्या तासाला येतील.

१८ मे २०२४, रात्री १०.४०. धडकेला पावणेचार तास

पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार सतरा वर्षांचा मुलगा मित्रांसोबत पुण्यातल्या एका हॉटेलात बसला आहे. तिथलं बिल ४८ हजार रुपयांचं होणार आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची आहे. या मुलाकडे वाहन परवाना असण्याचा प्रश्नच नाही, आणि ज्या मोटारीने तो आला आहे तिची नोंदणीही पुरी झालेली नाही.

रात्रीच्या या सुमाराला धुळ्याबाहेर मुंबई-आग्रा रस्त्यावर आणि जळगाव-भुसावळच्या मधे ढाब्यांपुढे गाड्यांची रांग असते. त्यातल्या पुष्कळांना वाटत असतं, आपण थोडीच घेतली आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ किती सहन करतं? १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. पासष्ट किलोच्या माणसाने रिकाम्या पोटी लगोलग ३० मिलिलिटरचे दोन पेग घेतले की तो या रेषेच्या पलीकडे गेलेला असतो. त्याला तसं जाणवतही नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही. आणि अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला कलम १९९ अ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द.

या घटकेला सगळं मागे फिरवता येतं. किल्ली टेबलावर आहे.

मध्यरात्र. धडकेला अडीच तास

मंडळी उठून दुसऱ्या ठिकाणी जातात. तिथेही बसणं होतं.

१९ मे, रात्री २.३० च्या सुमारास. शून्य

कल्याणीनगरमध्ये मोटार एका दुचाकीला मागून धडकते. दुचाकीवर मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेले दोन तरुण अभियंते आहेत, एक मुलगा आणि एक मुलगी. दोघेही जातात. जमाव मोटारीतल्या मुलाला मारतो आणि पोलिसांच्या ताब्यात देतो.

इथून दुसरं घड्याळ सुरू होतं.

पहिली पंधरा मिनिटं

अपघातानंतर चालकाने काय करायचं हे कलम १३४ सांगतं. जखमीला दवाखान्यात पोहोचवण्यासाठी शक्य ते करायचं. जमाव अंगावर येत असेल तर तेवढ्यापुरती सूट आहे, पण मग शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत, पोलीस ठाण्यात जाऊन घडलं ते सांगायचं. विमा कंपनीलाही कळवायचं. मदतीला धावणाऱ्या वाटसरूला २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळालं आहे. त्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. खानदेशात अजून जखमीजवळ माणसं थबकतात, पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून. ती भीती घालवायला हवी, कारण वाचवता येण्यासारखा जखमी याच पंधरा मिनिटांत वाचतो.

आणि याच पंधरा मिनिटांत गर्दीचा निकाल लागलेला असतो. आमच्याकडे कुठेही धडक झाली की कुणीतरी अहिराणीत म्हणतंच, 'पेयेल व्हता.' पुष्कळदा ते खरं असतं. पण ४ जुलै २०२३ आठवा. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला मुंबई-आग्रा महामार्गावर उतारावरून आलेला कंटेनर पुढच्या वाहनांना चिरडत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. कारण पुढे आलं ते ब्रेक निकामी झाल्याचं. रस्त्यावर रक्त सांडलेलं असताना दारू आणि ब्रेक यांतला फरक कुणालाच दिसत नाही. तो फरक दाखवणारी एकच गोष्ट आहे, वेळेवर केलेली तपासणी. ती पिणाऱ्याला पकडते आणि न पिणाऱ्याला सोडवते. नुसत्या वासावर भागत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच बच्चूभाई करियानी खटल्यात सांगितलं होतं. तो खटला महाराष्ट्रातलाच. तोंडाला वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या, बरळणं, ही सगळी लक्षणं डॉक्टरने नोंदवली तरी रक्ताची तपासणी नसेल तर नशा सिद्ध होत नाही, असा तो निर्णय.

पहिला तास

कायदा आता फुंकायला सांगतो. कलम २०३ प्रमाणे गणवेशातला पोलीस किंवा आरटीओचा अधिकारी संशयाला वाजवी कारण असेल तर श्वासाची चाचणी मागू शकतो, आणि ती शक्य तितक्या लवकर मागायची असते. अपघात झाला असेल तर जागेवर, जवळपास किंवा पोलीस ठाण्यात. चालक दवाखान्यात दाखल असेल तर तिथेही, फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरला आधी कळवायचं आणि त्याने रुग्णाच्या दृष्टीने हरकत घेतली तर थांबायचं.

इथे आरोपीने काय लक्षात ठेवावं? चाचणीला नकार देण्यात शहाणपण नाही. नकार दिला की अटक करता येते, आणि वाजवी कारण नसताना नकार दिला तर कलम २०५ खाली तो नकारच त्याच्याविरुद्धची बाजू बळकट करतो. 'माझ्याच तोंडून माझ्याविरुद्ध पुरावा का द्यायचा' हा प्रश्न रास्त वाटतो, घटनेच्या कलम २० च्या तिसऱ्या खंडात तसं संरक्षण आहेही. पण ते साक्षीसाठी आहे. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या १९६१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी शारीरिक नमुने आणि साक्ष यांत फरक केला. जबाब देताना गप्प राहण्याचा हक्क शाबूत आहे. श्वास आणि रक्त त्यात येत नाही.

पण मागण्यासारखं पुष्कळ आहे. यंत्राची नळी नवी असावी. यंत्रातून निघालेली चिठ्ठी, तिच्यावरचा आकडा आणि वेळ पाहायला मागावी. नुकतीच चूळ भरली असेल, दारूचा अंश असलेलं खोकल्याचं औषध घेतलं असेल तर ते सांगावं आणि पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकू द्या म्हणावं, कारण तोंडात रेंगाळलेला अंश तेवढ्या वेळात जातो. ही मागणी हुज्जत घातल्यासारखी वाटली तरी हक्काची आहे.

गांजाचं मात्र निराळं. दारूचं यंत्र गांजा ओळखत नाही. कलम १८५ च्या दुसऱ्या भागात अमली पदार्थाच्या अमलाखाली गाडीवर ताबा ठेवता न येणं हा गुन्हा आहे, आणि तो सिद्ध करायला रक्त आणि लघवीचे नमुने प्रयोगशाळेत जावे लागतात. रक्तातला अंश काही तासांत उतरतो. लघवीत तो कित्येक दिवस सापडतो, पण तो माणूस धडकेच्या क्षणी अमलाखाली होता की आठवड्यापूर्वी ओढलं होतं हे लघवी सांगत नाही. रामदेववाडीच्या संदर्भात मला हा भाग पुन्हा पुन्हा टोचतो. गाडीत पुडी सापडली तर ती बाळगल्याचा गुन्हा झाला. चालकाच्या रक्ताचं उत्तर त्या पुडीत नाही.

दुसरा तास

माझ्या मते साऱ्या कायद्यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित तास हा.

कलम २०२ पोलिसांना त्यांच्यासमोर नशेत गाडी चालवणाऱ्याला वॉरंटाशिवाय अटक करण्याचा अधिकार देतं. पण त्याच दमात एक अट घालतं: अटक झाल्यापासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाही तर त्याला कोठडीतून सोडून द्यावं लागेल. दोन तास. भडगावजवळ पकडला आणि जळगावच्या सिव्हिलला आणला तर निम्मा वेळ रस्त्यातच जातो. धुळ्यात हिरे मेडिकलच्या आवारात पोहोचल्यावर केसपेपर, रांग, ड्युटीवरच्या डॉक्टरची वाट. हे सगळं धरून दोन तास.

ही अट कुणासाठी आहे? वाचताना वाटतं आरोपीसाठी, आणि आहेच. नुसत्या संशयावर कुणाला रात्रभर डांबून ठेवता येऊ नये म्हणून. पण विचार केला की दिसतं, ती अट रस्त्यावर पडलेल्यासाठीही तितकीच आहे. दोन तासांत काढलेलं रक्त खरं बोलतं. १२० मिलिग्रॅमने सुरुवात केलेला माणूस दोन तासांनी ९० वर असतो, मर्यादेच्या तिप्पट. त्याचा वकील कितीही मोठा असला तरी ९० चे ३० होत नाहीत. आणि ज्याने घेतलेलीच नाही त्याचा शून्य कागदावर चढतो, मग गर्दीने काहीही म्हणो. मृताचा हक्क आणि आरोपीचा हक्क एकाच सुईत आहेत, असा दुसरा प्रसंग कायद्यात मला सापडत नाही. म्हणून जखमीच्या नातेवाइकांनी ठाण्यात पहिला प्रश्न 'गुन्हा नोंदवला का' एवढाच विचारू नये. 'रक्त कधी घेतलं' हेही विचारावं.

रक्त काढण्याचीही रीत आहे. कातडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची नाही, नाही तर दारू त्या बोळ्याचीच निघेल. नळीत रक्त टिकवणारा सोडियम फ्लोराइड हवा. नाव, तारीख, वेळ, सील, सही. संशयित स्त्री असेल आणि डॉक्टर पुरुष असेल तर दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीतच रक्त घ्यायचं. पुढे नळी कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली याची नोंद हवी.

अटक झालेल्याला अटकेचं कारण कळलं पाहिजे, घरच्या किंवा ओळखीच्या माणसाला कळवलं गेलं पाहिजे, वकिलाला भेटता आलं पाहिजे. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो. जळगाव आणि धुळे दोन्ही जिल्हा न्यायालयांत ती कचेरी आहे. नुसतं कलम १८५ असेल तर गुन्हा जामीनपात्र आहे, जामीन हा हक्क आहे. परवाना मात्र जप्त होऊन एमएच-१९ किंवा एमएच-१८ च्या आरटीओकडे निलंबनासाठी जातो, आणि रोज टमटम किंवा ट्रक चालवून पोट भरणाऱ्याला ती शिक्षा दंडापेक्षा जड जाते.

तिसरा ते आठवा तास

कल्याणीनगरमधला मुलगा येरवडा पोलिसांकडे आहे. नियंत्रण कक्षाला आणि वरिष्ठांना वेळेत कळवलं नाही म्हणून पुढे दोन अधिकारी निलंबित झाले. गाडी मुलगा नव्हे, घरचा चालक चालवत होता, असं त्या चालकाने सांगावं म्हणून त्याच्यावर दबाव आणल्याचा, त्याला डांबून ठेवल्याचा गुन्हाही पुढे मुलाच्या वडील-आजोबांवर दाखल झाला. हे सारं ज्या तासांत सुरू होतं, त्या तासांत यकृत आपलं काम करत होतं.

हे तास वाया घालवले नाहीत तर काय होतं तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत कार्टर रोडवर अॅलिस्टर परेरा याच्या मोटारीखाली पदपथावर झोपलेले सात मजूर गेले. त्याच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे ११२ मिलिग्रॅम दारू नोंदली गेली. खालच्या न्यायालयाने निष्काळजीपणाचं कलम लावून सहा महिने दिले होते. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं दिली आणि १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. सात जिवांना तीन वर्षं, हे मला आजही थोडंच वाटतं. पण कलम ३०४ चा दुसरा भाग टिकला, आणि त्यात त्या आकड्याचा वाटा होता.

हा फरक आजही तोच आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. निष्काळजीपणाने मृत्यू हे कलम १०६ मध्ये आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, जामीनपात्र. सदोष मनुष्यवध कलम १०५ मध्ये, अजामीनपात्र. आपण काय करतो आहोत याची जाणीव चालकाला होती की नाही, यावर कलम ठरतं, आणि ती जाणीव दाखवण्याच्या वाटा रक्ताच्या अहवालावरून जातात.

सकाळी ११. साडेआठ तास

मुलाचं रक्त ससून रुग्णालयात घेतलं जातं. साडेआठ गुणिले पंधरा करून पाहा, सव्वाशेच्या वर जातं. म्हणजे मर्यादेच्या चौपट दारू रक्तात घेऊन निघालेला माणूसही या वेळेपर्यंत कोरा होऊ शकतो. पोलिसांच्या आरोपानुसार एवढ्या उशिरावरही कुणाचा भरवसा नव्हता. खरा नमुना कचऱ्यात गेला आणि त्याच्या जागी दुसऱ्याचं रक्त ठेवलं गेलं. २७ मे रोजी ससूनच्या न्यायवैद्यक विभागाच्या प्रमुखासह दोन डॉक्टर आणि एका कर्मचाऱ्याला अटक झाली. ते रक्त मुलाच्या आईचं होतं असं पुढे तपासात सांगण्यात आलं.

अदलाबदल उघडी कशी पडली? त्याच दिवशी डीएनएसाठी औंधच्या रुग्णालयात दुसरा नमुना घेतला होता. दोन्ही जुळले नाहीत. पुण्यात दुसरा नमुना घ्यायचं कुणाला तरी सुचलं. आमच्या तालुक्याच्या ठाण्यात ते कुणाला सुचेल याची मला खात्री नाही, आणि म्हणून ते सुचण्यावर ठेवू नये, नियमात बसवावं असं मला वाटतं.

दुपारनंतर. बारा तासांच्या पुढे

बाल न्याय मंडळाच्या सदस्याने मुलाला त्याच दिवशी जामीन दिला. अटींमध्ये अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध होता. महाराष्ट्र पेटला तो या निबंधाने.

रक्त घ्यायला झालेला उशीर म्हटलं की मला २८ सप्टेंबर २००२ ची वांद्र्याची रात्रही आठवते. सलमान खानची गाडी बेकरीपुढे झोपलेल्यांवर गेली, एक जण गेला, चौघे जखमी झाले. धडक पहाटेपूर्वीची, रक्त घेतलं दुपारी जे. जे. रुग्णालयात. अहवालात ६२ मिलिग्रॅम. एवढ्या तासांनंतरही ६२! पण १० डिसेंबर २०१५ रोजी उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. गाडी तोच चालवत होता हे सिद्ध झालं नाही, आणि रक्ताचा पुरावाही टिकला नाही. किती काढलं आणि प्रयोगशाळेत किती पोहोचलं याचा मेळ अभियोगाला घालता आला नाही. तेरा वर्षांचा खटला एका नळीच्या हिशेबात अडकला. त्या पदपथावर मेलेल्या माणसाच्या घरच्यांना हा हिशेब कुणी कसा समजावून सांगायचा?

२४ तास

अटक झालेल्या कुणालाही प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. घटनेच्या कलम २२ चा हा हक्क बहुतेकांना ठाऊक असतो. त्याच्या आधीचा हक्क आता जास्त स्पष्ट झाला आहे, आणि तो झाला नशेत गाडी चालवल्याच्या आरोपातूनच. मुंबईतल्या वरळीच्या मोटार अपघातातल्या आरोपीने (त्या अपघाताबद्दल पुढे) अटकेला आव्हान दिलं होतं. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांनी ठरवलं की अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि ती अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची. लगेच लिहून देणं शक्य नसेल तर तोंडी सांगायची आणि कोठडीसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात द्यायचा.

धुळ्याच्या महामार्गावर या निकालाचा अर्थ फार मोठा आहे. पकडला गेलेला ट्रकवाला राजस्थानचा असतो, उत्तर प्रदेशचा असतो. शिरपूरच्या सातपुड्यातला पावरा तरुण असतो, तांड्यावरचा बंजारा असतो. मराठी छापील अर्जावर अंगठा घेऊन भागायचे दिवस या निकालाने संपवले आहेत. ज्या आरोपीमुळे हा निकाल आला त्याच्याबद्दल मला तिळमात्र सहानुभूती नाही. तरी निकाल बरोबर आहे, कारण त्याचा उपयोग यापुढे ज्यांना होईल त्यांच्याकडे मुंबईचे वकील नसतील.

अडीच दिवस

त्याच वरळीतला अपघात. ७ जुलै २०२४ च्या पहाटे ससून डॉकवरून मासळी घेऊन येणाऱ्या कोळी दांपत्याला मोटारीने उडवलं, बाईला फरफटत नेलं, ती गेली. आरोपी पसार झाला आणि ९ जुलैला सापडला. पुढे रक्ताच्या अहवालात दारू आढळली नसल्याचं आलं. अडीच दिवसांनी काय आढळणार होतं? रक्ताच्या बाबतीत पळून जाण्याचा फायदा पळणाऱ्यालाच मिळतो. थांबणारा पकडला जातो, पळणारा कोरा निघतो. कायद्याची ही सर्वांत मोठी भेग आहे, आणि पळून जाण्याचा अर्थ चाचणीला नकार असा लावण्याची तरतूद झाल्याशिवाय ती बुजणार नाही.

चौथा दिवस ते सहावा आठवडा

लोकक्षोभानंतर २२ मे रोजी बाल न्याय मंडळाने कल्याणीनगरच्या मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. २५ जून रोजी उच्च न्यायालयाने त्याला तिथून सोडलं. जामीन रद्द न करता त्याला पुन्हा बंद ठेवणं बेकायदा होतं, असं न्यायमूर्ती भारती डांगरे आणि मंजूषा देशपांडे यांनी म्हटलं. त्या दिवशी आमच्याकडे चहाच्या टपरीवर बसलेला एकही माणूस या निकालाच्या बाजूने नव्हता. मलाही राग आला होता. पण ज्या घाईने एखाद्याला आत टाकता येतं त्याच घाईने कुणालाही टाकता येतं, आणि घाई करायची तर ती पहिल्या दोन तासांत करायची होती.

सतरावा दिवस

मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात रामदेववाडी प्रकरणातल्या अटका झाल्या. सुमारे ४०० तास उलटले होते. रुग्णालयात दाखल आहे म्हणून अटक थांबते, हे कायद्यात आहे. पण कलम २०४ रुग्णालयातल्या खाटेवरच्या माणसाकडूनही, डॉक्टरला कळवून, रक्ताचा नमुना मागू देतं. अटक आणि नमुना यांची घड्याळं वेगळी आहेत. पहिलं थांबलं तरी दुसरं थांबवायचं कारण नसतं.

मागे राहिलेल्यांच्या नशिबी आणखी एक घड्याळ असतं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे नुकसानभरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. चालक नशेत होता असं ठरलं तर विमा कंपनी आपली जबाबदारी झटकू पाहते. अशा वेळी न्यायालयं बहुधा कंपनीला आधी मृताच्या घरच्यांना पैसे द्यायला लावतात आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतात. हे घरच्यांना कुणीतरी सांगावं लागतं. तेराव्याच्या गडबडीत ते सुचत नाही.

त्या रस्त्यावर गेलेली बाई आशा सेविका होती. आशाचं काम दिवसांच्या हिशेबावर चालतं. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आशाने तिच्या घरी जायचं ते तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचं वजन करायचं, अंग गरम लागतं का पाहायचं, लिहून ठेवायचं. ७ मे रोजी जन्मलेल्या बाळाच्या घरी सतराव्या दिवसापर्यंत तिच्या तीन खेपा झाल्या असत्या.